आजोबांच्या मफलरमधला अंबर

नातवंडांनो, तुम्ही आजोबांसाठी परदेशातून आणलेली मधाच्या रंगाची कोलनची बाटली अजून तुमच्या या आजीच्या कपाटात आहे. तिच्यावरचे 'अंबर' हे नाव वाचून दाखवले, तेव्हा ते हरखले. त्यांच्या लेखी अंबर म्हणजे अत्तर, आणि अत्तर म्हणजे कानातला फाया. त्यांनी कापूस भिजवून कानात खोचला आणि ओरडले, "अवं, कान झोंबून राह्यला माहा!"

मग मी नियम घालून दिला. कापूस नाही, मफलरवर एक फवारा, तोही फक्त थंडीत. मे महिन्यात वडनेरच्या उन्हात हा वास कढत पाकासारखा अंगावर येतो, डोके धरते. थंडीत मात्र तो सावकाश उलगडे. आधी संत्र्याच्या सालीचा झणका, मग लोबान, संध्याकाळी नुसती गोडसर ऊब. त्यात त्यांची सुपारी आणि खोबरेल मिसळे. पारावरचे मित्र विचारत, "काय भाऊ, कोनाच्या वरातीत चालले?"

"नातवानं आनलं. जळा लेकहो!"

ते गेल्यावर रीतीप्रमाणे कपडे वाटून टाकले. मफलर तेवढा मी पिशवीत घट्ट बांधून ठेवला. फार एकटे वाटले की पिशवी थोडी उघडायची, वास घ्यायचा, पुन्हा गाठ मारायची.

या दिवाळीत गोधड्या धुवायला येणाऱ्या बाईने कपाटही आवरले. मी बाहेर आले तर मफलर दोरीवर.

"काकू, मफलर बी घेतला धुऊन. कोंदट वास येऊन राह्यला होता त्याले."

"बरं केलंस," मी म्हणाले.

वाळल्यावर बाटलीतला एक फवारा मारला आणि शेजारी बसून राहिले. संत्र्याची साल आली, लोबान आला, संध्याकाळी ऊबही आली. ते आले नाहीत. दुकानातून आणलेल्या मफलरसारखा वास होता. माझ्या मनगटावर तर तो नुसता पावडरीसारखा होतो.

म्हणून बाटली बंद करून ठेवली आहे. थोरल्या, तुझी मान त्यांच्यासारखी आहे, घामही तसाच येतो. थंडीत ये, आणि एक दिवस मफलर गुंडाळून घरात वावर. त्यांचा तो वास परत येईल की नाही, मला ठाऊक नाही. सुपारी आणि खोबरेल मी आणून ठेवते.