पहिला कप तुला

निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माच्या मागे लागतात, आमचे हे ट्रेलरच्या मागे लागले. सुरतेबाहेर कामरेजच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या बनवणारा एक फॅब्रिकेटर आहे. त्याच्याकडून ह्यांनी गाडीमागे जोडायची चाकांवरची खोली बनवून घेतली. दोन बर्थ, वीतभर ओटा, एक शेगडी, टपावर पाण्याची टाकी आणि मागच्या बाजूला चक्क शॉवर. पर्वत पाटियाजवळच्या आमच्या सोसायटीत तो ट्रेलर आला, तेव्हा बघ्यांच्या मधोमध हे नवरदेवासारखे उभे होते. मी जन्मभर शाळेत शिकवलं, गर्दी पांगवायची सवय मला. तीही मीच पांगवली.

त्या दिवशी मला म्हणाले, "आता तुला सुट्टी. ट्रेलरमध्ये सगळं मी करणार. आणि समुद्रावर कॉफीचा पहिला कप तुला, माझ्या हातचा."

तुम्हाला ह्यात विशेष काही वाटणार नाही. मला वाटलं. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने मला पाण्याचा पेलासुद्धा हातात दिलेला नाही. आणि कॉफी म्हणजे माझा जीव. माहेरी रोज दुपारी दूध आटवून, जायफळ घालून कॉफी व्हायची. सासर खान्देशातलं, अख्खं घर चहाचं. सासूबाईंच्या मते उपासाला चहा चालत नव्हता, कॉफी चालायची, म्हणून कॉफीचा डबा फक्त उपासालाच निघायचा. मग काय, मी एकादशी धरली. सासूबाई आल्यागेल्याला कौतुकाने सांगायच्या, सून मोठी धार्मिक आहे. धार्मिक कसली! महिन्यातून दोनदा कॉफी मिळायची, एवढाच माझा परमार्थ. सासूबाई गेल्या तेव्हा माझी सकाळची शाळा होती. दोघांसाठी दोन भांडी कोण चढवणार, म्हणून चहाच राहिला. हे सगळं मी ह्यांना एकदा सांगितलं होतं. खूप हसले होते. पण लक्षात ठेवलं असेल, असं मी धरून चालले.

पुढे कित्येक आठवडे घरात कॉफीची प्रयोगशाळा चालली. कुरियरने बिया आल्या, त्या दळायचं हातयंत्र आलं, लांब मानेची किटली, कागदाच्या गाळण्या, इवलासा वजनकाटा. मोबाइलवर व्हिडिओ बघून हे थेंबथेंब पाणी ओतायचे, घोट घ्यायचे, मान हलवायचे आणि उरलेलं ओतून द्यायचे. मी कप पुढे केला की म्हणायचे, "थांब गं, सराव चाललाय. तुला एकदम चांगलीच द्यायची." भांडी मी घासत होते. चांगल्या गोष्टीसाठी थांबायला माझी हरकत नव्हती.

निघताना मी घरच्या तापीच्या पाण्याचा मोठा कॅन भरून घेतला. समुद्रकाठच्या बोअरचं पाणी मचूळ असतं, त्यात ना डाळ शिजत ना चहाला चव येत, हे सुरतेत कोणालाही ठाऊक आहे. हे म्हणाले, "पाणी काय वाहून नेतेस?" तरी मी नेलंच.

सुरूच्या बनात ट्रेलर लावला. सोसायटीतलं शेजारचं गुजराती जोडपं त्यांच्या गाडीने मागोमाग आलं होतं. त्यांच्यासमोर ह्यांना शॉवर दाखवायची घाई झाली. टाकी रिकामी होती. मी पलीकडे चटई अंथरत होते, तेवढ्यात ह्यांनी माझा कॅन उचलून टाकीत रिकामा केला. शॉवर सुरू झाला, शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तापीचं पाणी वाळूत गेलं.

संध्याकाळी ह्यांनी कॉफी मांडली. पाणी अर्थातच बोअरचं. शेजाऱ्यांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "मीठुं पड्युं के शुं?" मीठ पडलं की काय?

हे हसत म्हणाले, "किटली एणे धोई'ती."

किटली तिने धुतली होती. ती म्हणजे मी. तिघंही माझ्याकडे बघून हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हे वळण हाडात मुरलेलं.

चूक पाण्याची आहे, हे ह्यांना पहिल्याच घोटाला कळलं होतं. कारण ते उठून सरळ आत गेले आणि माझ्या उशाशी गोळ्या घ्यायला ठेवलेली घरच्या पाण्याची बाटली घेऊन आले. मला विचारलंही नाही. बिया पुन्हा मापल्या, दळल्या, पाणी हळूहळू गोल ओतलं. मी कबूल करते, काय वास सुटला होता! जुनं लाकूड आणि भाजका गूळ. मी पदराला हात पुसून सरसावून बसले. आता देतील. अजूनही देतील.

तीन कप भरले. एक शेजाऱ्यांना, एक त्यांच्या बायकोला, एक स्वतःला. बाटली संपली.

शेजारीण चांगली बाई. तिने विचारलं, "अने भाभीने?" आणि वहिनींना?

"ए तो चा ज पीए," हे म्हणाले. ती चहाच पिते. किती सहज म्हणाले! वाईटपणासुद्धा नव्हता त्यात, असता तर भांडता आलं असतं. इतक्या वर्षांत मी काय पिते, एवढंच ह्यांनी पाहिलं होतं. मला काय आवडतं, हे पाहायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. शेजारी वाहवा करत होते. मी समुद्राकडे बघत बसले. ओहोटी होती, नुसता चिखल दिसत होता.

सकाळी वरच्या बर्थवरून आवाज आला, "अगं, चहा टाकतेस ना?"

मी उठले. शेगडी पेटवली, त्याच मचूळ पाण्याचा चहा केला. दोन घोट घेऊन हे म्हणाले, "आलं नाही घातलंस?"

तेव्हा मला संताप आला तो माझ्याच हातांचा. मी काही बोलायच्या आत ते हात पिशवीत आलं शोधायला लागले होते.