आरशावरचं कुंकू

छप्पन साली लग्न होऊन मी यवतमाळात आले ती थेट टेबलाखाली गेले. नवरा जादूचे प्रयोग करायचा आणि त्याला 'बिनधडाची बाई' हवी होती. टेबलाच्या पायांमध्ये दोन आरसे तिरके बसवलेले असत. त्यांत बाजूचे पडदे दिसायचे आणि बघणाऱ्याला वाटायचं, खाली सगळं मोकळं आहे. त्या आरशांमागे पाय मुडपून मी बसायचे आणि वरच्या भोकातून डोकं बाहेर काढायचे. उरलेल्या वेळात रुमालांना इस्त्री, पडद्यांना टाके, कबुतरांना ज्वारी.

सात वर्षांत त्याचे सगळे खेळ मला पाठ झाले. मला समोर उभं राहायचं होतं. हे मी त्याला दर पंधरा दिवसांनी सांगायचे आणि तो दर वेळी हसण्यावारी न्यायचा. फार राग यायचा मला त्या हसण्याचा.

त्रेसष्टच्या दसऱ्याच्या तोंडावर एसटीच्या टपावरून पेटी उतरवताना त्याचं मनगट मोडलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दारव्ह्याला प्रयोग ठरलेला, ऐन बाजाराच्या वारी, कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये.

"मी करते," मी म्हटलं.

"लोक तुले पाह्यतीन, जादूले नाही."

"मंग पाहू द्या. तुम्ही बसा टेबलाखाली."

त्याने प्लॅस्टरमधला हात उचलून पाहिला, उचलेना. "दारव्ह्याचा एक खेळ. बिघडला तं पुन्हा नाव काढायचं नाही."

मी कबूल केलं. जन्मभराचा सौदा होता, पण घासाघीस करायची ती वेळ नव्हती.

दसऱ्याला सामानाची पूजा दरवर्षी तो करायचा. यंदा त्याचा हात गळ्यात, म्हणून मी केली. कांडी, पेटी, पिंजरा, टेबल, सगळ्यांना मनापासून हळदकुंकू लावलं. कुंकू संपत आलं होतं तरी एका आरशालाही बोट टेकवलंच.

दारव्ह्याला रुमाल झाले, पत्ते झाले, कबुतर अगदी वेळेवर निघालं. मग मी पडदा सरकवला. टेबलावर नवऱ्याचं डोकं, खाली मोकळं.

"ओ बाई," मागून एक जण ओरडला, "ते कुंकू हवेत कायचं लटकून राह्यलं?"

मी वळून पाहिलं. टेबलाखालच्या मोकळ्या जागेत, जमिनीपासून वीतभर वर, लालभडक ठिपका. सात वर्षं मी आरशांच्या मागे बसले होते. आरसे बसवायचेही मागूनच. पुढून काय दिसतं हे मला ठाऊकच नव्हतं! नवरा दरवर्षी पूजेतून आरसे का वगळायचा, ते मला त्या क्षणी कळलं.

खेळ बिघडला होता. पण परत त्या टेबलाखाली जायचं नव्हतं मला.

"धड मी गायब केलं," मी मोठ्याने म्हटलं. "कुंकू माझं आहे. ते गायब होत नाही!"

आधी बायकांकडून टाळी आली. मग सगळ्या शेडने वाजवली. टेबलावरचं डोकं गंभीरपणे म्हणालं, "बाई म्हंते ते खरं हाय." हे काही ठरलेलं नव्हतं.

सामान बांधताना मी फडकं घेऊन आरशाकडे गेले. त्याने ते माझ्या हातातून काढून घेतलं. "पुढच्या नेरच्या खेळाले असंच ठेवजो," म्हणाला. मनगट बरं झालं, तरी तो टेबलाखालीच बसत राहिला. लोक प्रत्येक गावी तेच विचारायचे, मी तेच सांगायचे.

अडुसष्टला तो गेला. आयाबायांनी माझं कपाळ पुसलं. मी पुसू दिलं.

दोन महिन्यांनी वणीचा प्रयोग घेतला. टेबलाखाली बसायला नणंद तयार झाली. मी करंडा उघडला तशी तिने माझा हात धरला. "वहिनी, आता कायले लावता?"

मी हात सोडवला आणि आरशावर बोट टेकवलं.

पडदा सरकला. पहिल्याच रांगेतून कोणीतरी विचारलं, ते कुंकू कायचं. मी उत्तर दिलं. एक शब्दही बदलला नाही.