चार बोटं माया

डॉक्टरबाईंनी ड्रॉवर उघडून टेप काढला, तेव्हा मी खुर्चीत ताठ झाले. माझ्या गळ्यात दिवसभर लटकलेला असतो तसलाच टेप, पिवळा, टोकाला पत्र्याची चिमटी. दवाखान्यात तो निघेल असं मला वाटलं नव्हतं.

"उभ्या राहा," त्या माझ्या धाकट्या बहिणीला म्हणाल्या. "श्वास नेहमीसारखा घ्या. पोट आत ओढू नका."

धाकटीनं ओढलंच. बायका ओढतातच, माझ्याकडे येणारी प्रत्येक जण ओढते. डॉक्टरबाई हसून थांबल्या, तिचा श्वास सुटू दिला आणि बेंबीवरून टेप फिरवला. त्यांनी आकडा वाचायच्या आधीच मी मनात म्हटलं, एक्केचाळीस.

"एक्केचाळीस इंच. कधीपासून वाढलंय पोट?"

"वाढलंय कुठे?" धाकटी म्हणाली. "पहिल्यापासूनच थोडं आहे. हा ड्रेस बघा ना, सहा वर्षांपूर्वीचा. अजून बसतो मला."

तिनं अंगातल्या आकाशी कुर्त्याची बाजू चिमटीत धरून दाखवली. तो कुर्ता मी शिवलेला होता. तो अजून का बसतो हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि मी काही बोलले नाही.

ही गोष्ट मी कितीतरी वर्षं कुणाला सांगितली नव्हती. मुळात मी बोलते कमी. शिलाई मशीनवाल्या बाईनं कमी बोललेलं लोकांना आवडतं, आणि तोंडात टाचण्या धरायची सवय लागली की गप्प बसायला कारण लागत नाही. नाशिकच्या सिडकोत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी सत्तावीस वर्षं बायकांचे कपडे शिवते आहे. एप्रिलात तर पाठ टेकायला वेळ नसतो. चौदा तारखेच्या जयंतीला आमच्या वसाहतीतल्या सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसतात आणि प्रत्येकीला नवा ब्लाउज हवा असतो.

धाकटी माझ्याहून पाच वर्षांनी लहान. नाशिकरोडला राहते, एका शाळेत क्लार्क आहे. शाळेत रोज पंजाबी ड्रेस घालून जाते आणि तिचा एकूण एक कपडा माझ्या हातचा असतो.

शिवणात आम्ही कापड आतल्या बाजूला जास्तीचं सोडतो, त्याला माया म्हणतात. पुढे अंग वाढलं तर उसवून कपडा सैल करता यावा म्हणून. बाकीच्या बायकांना मी दोन बोटं माया सोडते, धाकटीला चार सोडायचे.

त्यालाही कारण होतं. तिच्या दुसऱ्या बाळंतपणानंतर, मुलगा तीन वर्षांचा झाला होता तेव्हा, विहारात पौर्णिमेच्या वंदनेनंतर एक काकू तिच्या पोटाकडे बघून म्हणाल्या होत्या, "काय गं, परत गोड बातमी का?" चारचौघी हसल्या. धाकटीपण हसली आणि माझ्या घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. त्या दिवशी मी ठरवलं की हिला हिचं माप कळू द्यायचं नाही.

मग मी तिचे कपडे गुपचूप सैल करायला लागले. ती फॉल लावायला साडी घेऊन यायची, एखादी चेन बदलायला ड्रेस टाकून जायची. पिशवीत जे असेल ते मी उलटं करायचे, जुनी टीप उसवायचे आणि अर्धा इंच बाहेरून नवी मारायचे. माप घेताना टेप फिरवायचे, वहीत जुनाच आकडा लिहायचे आणि तिला मोठ्यानं सांगायचे, "चौतीस. आहे तेवढीच आहेस."

"ताई, तुझ्याकडे येऊन बरं वाटतं बघ," ती म्हणायची. "बाकी सगळे टोचतात."

अंदाजानं कापायचे आणि बरोबर बसायचं. हात बसलेला आहे माझा.

आणि मला दिसत होतं. डॉक्टरबाईंना एका दिवसात जे दिसलं, ते मला कितीतरी वर्षं दिसत होतं. तिची कंबर वाढत होती, पण दंडाचा घेर कमी होत होता. दर वर्षी बाही थोडी अरुंद कापावी लागायची. पायही बारीक, लेगिंग पोटरीवर सैल पडायची. मला ते विचित्र वाटायचं. जाड होणारी बाई सगळीकडून जाड होते ना? ही फक्त मधून वाढत होती. तिच्या मानेवर मागे काळी वळी आली होती, मखमलीसारखी. मी तिला बेसन आणि लिंबू लावायला सांगितलं. नाही गेली, म्हणून तिच्या कुर्त्यांना बंद गळा करायला लागले. "शोभतो तुला," म्हटलं.

जे जे दिसलं, ते मी झाकलं. शिवणारीचं काम तेच, अशी मी माझी समजूत घातली होती.

यंदा जयंतीच्या आधी मंडळाच्या मुलांनी विहारात रक्ततपासणीचं शिबिर घेतलं. धाकटी त्या दिवशी पांढऱ्या ब्लाउजच्या ट्रायलला आली होती. फुकट आहे म्हणून आम्ही दोघी रांगेत उभ्या राहिलो. माझं सगळं ठीक निघालं. तिची साखर वाढलेली होती आणि लिव्हरचे आकडे दुपटीच्या वर होते. शिबिरातल्या मुलीनं सोनोग्राफी करायला सांगितली. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी दिसली, आणि तो कागद घेऊन आम्ही कॉलेज रोडच्या या डॉक्टरबाईंकडे आलो होतो.

टेप ड्रॉवरमध्ये ठेवत त्यांनी विचारलं, "दारू घेता का? कधीतरी, थोडीशी?"

धाकटीचा चेहरा मी विसरणार नाही. तिला कुणी थोबाडीत मारल्यासारखी ती मागे सरकली.

"मॅडम, मी रोज सकाळी पंचशील म्हणते. पाचवं शील काय आहे माहितीये ना? आमच्या घरात दारूचा थेंब आलेला नाही."

"रागावू नका, सगळ्यांनाच विचारावं लागतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "दारू न घेताही हे होतं. बायकांमध्ये तर बरंच दिसतं, विशेषतः पाळी जायच्या सुमारास. चिमटीत येते ती चरबी वेगळी. तुमची आत आहे, आतड्यांभोवती. तीच लिव्हरमध्येही साठते. वाढलेली साखर, मानेवरचा काळेपणा, बारीक हातपाय आणि पुढे आलेलं पोट, हे सगळं एकाच घरचं आहे."

"पण मी खाते कितीशी! रात्री तर जेवतच नाही."

"चहा किती वेळा होतो?"

"ऑफिसात... पाच-सहा वेळा."

"साखरेचा? सोबत काय?"

"टोस्ट. खारी. कधी नुसती बिस्किटं." तिचा आवाज खाली गेला.

डॉक्टरबाईंनी लिव्हर किती कडक झालंय ते मोजायची आणखी एक तपासणी लिहून दिली. "चरबी असेल तर परत फिरता येतं. कडकपणा फार पुढे गेला असेल, तर अवघड होतं. म्हणून लवकर करा."

मी तेव्हाही गप्पच. कडक. परत फिरता येत नाही. मी इतकी वर्षं काय शिवत होते?

जिना उतरता उतरता धाकटीनं चिठ्ठीची घडी करून पर्समध्ये तळाशी सारली. "मी नाही करणार ही टेस्ट."

"का गं?"

"का म्हणजे? लिव्हर म्हटलं की लोक काय समजतात? आपल्या मामांचं विसरलीस का?"

आमचे मामा दारूनं गेले. पिवळे डोळे आणि घागरीसारखं पोट. आमच्या अख्ख्या नात्यात लिव्हर या शब्दाचा दुसरा अर्थच नाही. उद्या बाईला लिव्हरचं दुखणं म्हटलं तर शीलवाल्या घरातली बाई चोरून पिते, असं लोक बोलतील. तिला मरणाची भीती नव्हती, त्या बोलण्याची होती.

"आणि माझं वजन वाढलंच नाहीये," ती म्हणाली. "त्या बाईंचा टेप चुकीचा असेल. तू तर मागच्याच महिन्यात चौतीस म्हणालीस."

रस्त्यावर रिक्षा उभी होती. ती बसली आणि गेली. मी कितीतरी वेळ तिथेच उभी होते. माझ्या चौतीसवर तिचा डॉक्टरांपेक्षा जास्त विश्वास होता.

पुढचे दहा दिवस ती तपासणीचं नाव काढेना. तिच्या मिस्टरांचा मला फोन आला, "ताई, तुम्ही सांगा तिला, तुमचं ऐकते ती." माझं ऐकते, याचंच तर भय होतं. तिला खरं सांगितलं तर मला तोडेल, आणि नाही सांगितलं तर ती तपासणीला जायची नाही.

रविवारी दुपारी मी तिला बोलावलं. येताना तो आकाशी कुर्ता आण म्हटलं, खालची पट्टी निघालीये ना. पट्टी निघाली नव्हती, मला तो कुर्ता हवा होता. ती आली. चहा नको म्हणाली, मला बरं वाटलं. मी कुर्ता उलटा केला आणि खिडकीपाशी धरला.

"हे बघ."

"काय बघू?"

"टिपा मोज."

उसवलेली टीप जाते, पण सुईची भोकं राहतात. मायेतलं कापड उन्हानं विटत नाही, मूळ रंगाचं राहतं. बाजूच्या शिवणीत गडद आकाशी पट्टा होता आणि त्यावर भोकांच्या रांगा, एकीबाहेर एक. शेवटच्या टिपेच्या बाहेर सुतभरही माया उरली नव्हती. धाकटीनं बोट ठेवत मोजल्या. पाच. दुसऱ्या बाजूलाही पाच. तिला समजायला वेळ लागला. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"हे तू केलंस?"

"हो."

"मला न सांगता?"

"हो. चौतीस कधीचंच गेलं. निदान गेल्या सात वर्षांत तरी नव्हतं."

"का?"

इथे मी म्हणू शकले असते की तुला वाईट वाटू नये म्हणून. ते खरंही होतं. पण अर्धंच होतं. आणि त्या दिवशी मला अर्धं बोलायचं नव्हतं.

"मला बघायला आलेल्या पाहुण्यांनी तुझ्याबद्दल विचारलं होतं, आठवतं? धाकटीचं काही बघताय का म्हणून. दोन वेळा. तू वाढत गेलीस, ते मला आतून कुठेतरी... आवडत होतं. टेप फिरवताना आवडायचं. तुला चौतीस सांगायचं आणि मनात खरा आकडा धरून ठेवायचा. हे मला आता डॉक्टरांकडे कळलं. आधी मी त्याला प्रेमच म्हणत होते."

तिनं कुर्ता हातात घेतला, सुलटा केला, घडी घातली. आम्ही दोघी लहानपणी आईच्या हाताखाली जशी घडी घालायला शिकलो तशीच, कॉलर आत.

"तू ताई आहेस का कोण आहेस गं माझी?" इतकंच म्हणाली. चप्पल घालताना तिचा तोल गेला, मी हात पुढे केला. तिनं भिंत धरली.

चार दिवसांनी तिचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. "शुक्रवारी अकराला टेस्ट आहे. एकटीला जायचं नाहीये मला. यांना सुट्टी नाही. तू ये. बोलू मात्र नकोस."

मी गेले. तिला उताणं झोपवून, उजवा हात डोक्याखाली घ्यायला लावून, बरगड्यांमध्ये एक यंत्र टेकवून ती मुलगी टिचकी मारल्यासारखं बटण दाबत होती. धाकटी प्रत्येक टिचकीला दचकत होती, मी पडद्याबाहेर उभी राहून दचकत होते. दुखत नाही म्हणे. दहा टिचक्या झाल्या आणि कागद हातात आला.

डॉक्टरबाईंनी तो दोनदा वाचला. "कडकपणा सुरू झालाय," त्या म्हणाल्या. "मधल्या टप्प्यावर आहे. अजून दोन-तीन वर्षं अशीच गेली असती, तर मी वेगळं बोलले असते. आता वजन हळूहळू उतरवायचं, साखर ताब्यात आणायची, चालायचं, डाळी-अंडी वाढवायची, हातापायांत ताकद आणायची. उपाशी राहायचं नाही. सहा महिन्यांनी परत मोजू."

"परत फिरेल?" धाकटीनं विचारलं.

"बऱ्याच जणींचं फिरतं. तुमचं फिरायलाच हवं, असं धरून चालू या."

बाहेर आल्यावर ती दवाखान्याच्या पायरीवर बसली. ऊन कडक होतं. तिथल्या गाड्यावर एक माणूस द्राक्षं विकत होता, तिनं त्याच्याकडे बघितलं आणि नजर वळवली. मग रडली, मोठ्यानं, भर रस्त्यात. आयुष्यात पहिल्यांदा कोण बघतंय याची तिला पर्वा नव्हती. मी शेजारी बसले. बोलू नकोस म्हणाली होती, म्हणून बोलले नाही. पहिल्यांदाच माझं गप्प बसणं तिच्या सांगण्यावरून होतं.

रडून झाल्यावर तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "विहारात मीच सांगणार आहे सगळ्यांना," ती म्हणाली. "लिव्हरला चरबी झालीये, दारू न पिता झालीये. ज्यांची पोटं पुढे आहेत त्या सगळ्यांनी तपासून घ्या म्हणून. त्या काकूंना तर आधी." थोडं थांबून म्हणाली, "तुझं नाही सांगणार. ते तुझं तू बघ."

तिनं खरंच सांगितलं. पुढच्या रविवारी वंदनेनंतर, सगळ्या बायकांसमोर, पोटावर हात ठेवून. मागच्या रांगेतून कुणीतरी "आँ!" केलं, कुणी हसलं, मग कुणीच हसलं नाही. त्या आठवड्यात आमच्या वसाहतीतल्या सहा-सात जणींनी तपासणी केली.

आता चार महिने झाले. ती चालते. चहा बिनसाखरेचा घेते, तोंड वाकडं करून. हे मला तिच्या मिस्टरांकडून कळतं. माझ्याकडे ती कपडे टाकत नाही, नाशिकरोडच्या एका बाईकडे शिवते. परवा बसस्टॉपवर दिसली तर अंगातला कुर्ता खांद्यावर नीट बसला नव्हता, बाही ओढत होती. कंबर कमी झाल्यासारखी वाटली. नजरेनं सांगू शकले असते किती, पण मी नजर काढून घेतली. तिनं हात केला, आणि तिची बस आली. दुसऱ्या तपासणीला दोन महिने आहेत. तेव्हा ती मला बोलावेल की नाही, मला माहीत नाही.