चौकशी न करता

सोलापुरात शिक्षण खात्याच्या कचेरीत मी टंकलेखक होतो, तेव्हाचे आमचे साहेब मजकूर सांगता सांगता मध्येच थांबायचे. लांबून मागांचा आवाज येत राहायचा आणि साहेब बाहेरच्या उन्हात कुठेतरी हरवून जायचे. मग हळूच विचारायचे, "हं, कुठं होतो आपण?"

माळशिरसकडची एक वस्तीशाळा त्यांनी बंद केली होती. हिवाळ्यात दोनदा तपासणीला गेले, दोन्ही वेळा वर्ग रिकामा. पुढच्या आषाढात त्याच वाटेनं जाताना बंद शाळेच्या ओट्यावर पंधरा-वीस पोरं खेळताना दिसली. टिपणं घ्यायला मी बरोबर होतो. साहेबांनी जीप थांबवली.

एक म्हातारा धनगर पुढे आला. "दिवाळी झाली की आमी मेंढरं घिऊन घाटाकडं जातो, सायेब. पोरं कुणापाशी ठिवायची? इचारलं असतं तर सांगितलं असतं की."

साहेब ओट्यावर टेकले. हिरव्या माळावर ढगांच्या सावल्या सरकत होत्या, त्या बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बाबा, माझं चुकलं."

दुसऱ्या दिवशी शाळा उघडण्याचा आदेश निघाला. मोठी सुट्टी उन्हाळ्याऐवजी दिवाळीनंतर. 'नजरचुकीने बंद झालेली शाळा' असं मी सवयीनं टाइप केलं. साहेबांनी ते खोडून वर लिहिलं, 'मी चौकशी न करता बंद केलेली शाळा'.

"साहेब, हे वर जाईल. बढती अडेल तुमची."

"नजर कुठं चुकली होती हो?" ते म्हणाले. "रिकामा वर्ग मी नीट पाहिला होता. विचारलं मात्र कुणालाच नाही."

आणि त्यांनी सही केली.