वर्दी माझ्या कपाटात

ये, अशी जवळ बस. आणि ती पर्स आधी खाली ठेव. खांद्याला पर्स लटकवून बसलेलं माणूस मला बसल्यासारखं वाटतच नाही. दर खेपेला दारातूनच 'काकू, घाईत आहे' म्हणून पळतेस. जगातली सगळी घाई काय देवाने तुलाच दिलीय? घाई बघायची तर माझ्या भावोजींची बघायला हवी होतीस. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, पोलिसात हवालदार होते. मी छातीवर हात ठेवून सांगते, उभ्या महाराष्ट्रात रजेबद्दल त्यांच्याइतकं ज्ञान कुणाला नसेल, आणि त्यांच्याइतकी थोडी रजा कुणी उपभोगलीही नसेल.

त्यांचं बिऱ्हाड बदलापूरला, कात्रपला. नोकरी उल्हासनगरात. आणि मी इथे कॅम्प चारला, त्यांच्या पोलीस स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. पूर्वी कधीतरी असं झालं, की भावोजी वर्षाकाठच्या हक्काच्या रजेवर घरी आले, इस्त्रीवाल्याने वर्दी आणून दिली, बहिणीने ती खुंटीला लावली आणि तिचा हात खाली येतोय तोवर फोन वाजला. रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा. झालं. बहिणीच्या डोक्यात बसलं की फोन माणसाला येत नाही, वर्दीला येतो. तेव्हापासून रजा लागली की भावोजी वर्दी, पट्टा, टोपी, बूट, सगळ्याचं गाठोडं बांधून माझ्याकडे आणून टाकायचे. 'ताई, सांभाळा. घरात नको.' मी कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावायची. फोन काय यायचा थांबला नाही गं, पण आमच्या घरात ही रीतच पडून गेली.

फोन आला की भावोजी जसे असतील तसे स्कूटरला किक मारून अंबरनाथवरून सरळ माझ्या दारात. एकदा अर्धीच दाढी केलेले आले. एकदा डोक्याला कलप लावून बसले होते, तसेच वर हेल्मेट चढवून आले. त्या हेल्मेटचा आतला कापूस अजून काळा आहे. एकदा तर लुंगीवर आले आणि हातात सुक्या बोंबलाची पिशवी, कारण बाजारातून परत घरी जायला वेळच मिळाला नव्हता. पिशवी मला देऊन म्हणाले, 'ताई, हे तेवढे भाजून ठेवा, आलोच.' आले ते बोंबलांची चटणी होऊन, संपून, वर पुन्हा दुसरे बोंबील आणून झाल्यावर.

आणि पडद्यामागे वर्दी चढवताना त्यांचं व्याख्यान चालू व्हायचं. 'ताई, नियम नीट ऐका. रजेवरच्या माणसाला सक्तीने परत बोलावलं, तर ज्या घडीला त्याने घर सोडलं त्या घडीपासून तो ड्युटीवर. म्हणजे मी कात्रपच्या उंबऱ्याबाहेर पाय टाकला तेव्हाच सरकारी झालो. येण्याचा प्रवासखर्च सरकारचा. आणि राहिलेली रजा माझ्या खात्यावर परत. ती काय कुणाच्या खिशात जात नाही.'

मी म्हणायचे, 'मग मागा ना.'

'मागतो ना. या वेळी मागतोच. सोडत नाही.'

पट्टा आवळून निघायचे ते असे तावातावाने, की आज साहेबांची काही खैर नाही असं मलाच वाटायचं. साहेबांसमोर उभे राहिले की मात्र तोंडातून एकच निघायचं, 'जय हिंद सर.' हक्क सगळा माझ्या पडद्यामागे राहून जायचा. आमच्या बिल्डिंगखाली एका सिंधी शेठचं कापडाचं दुकान आहे. त्याला हे सगळं व्याख्यान पाठ. भावोजी घाईघाईने जिना उतरले की तो आतून हाक मारायचा, 'साईं, आपका हक तो बहुत बडा है, पर छुट्टी किधर है?' भावोजी थांबून त्यालाही पहिल्यापासून नियम समजावायला लागायचे, म्हणून मला गॅलरीतून ओरडावं लागायचं, 'अहो भावोजी, निघा!'

त्यांच्या घरी सणांचं तर विचारूच नको. ज्या दिवशी जगाचा सण, त्या दिवशी पोलिसांचा बंदोबस्त. मग बहीण दिवाळी आधीच उरकून घ्यायची. गणपतीचे मोदक एकदा गणपतीला आणि एकदा भावोजींना, विसर्जन झाल्यावर. शेजारणी हसायच्या, 'तुमच्याकडे पंचांग वेगळं छापतात काय?' माझी भाची, त्यांची एकुलती एक पोर, शाळेत जाईपर्यंत समजत होती की सगळ्यांचे सण असेच सरकवता येतात.

पण तिने एक गोष्ट बापाकडून कबूल करून घेतली होती. 'पप्पा, बाकी सगळं पुढेमागे करा. माझ्या हळदीला पहिली हळद तुम्ही लावायची. त्याच दिवशी. सरकवायची नाही.' आमच्या आगरी लोकांत लग्न एक वेळ साधं झालेलं चालेल, हळद साधी चालत नाही. भावोजींनी खूप आधी रजा टाकली, मंजूर झाली, वर्दीचं गाठोडं माझ्या कपाटात गेलं. कात्रपला दारात मांडव पडला. धवलारीण येऊन बसली, तिने हळदीची गाणी, धवले, गायला धरले. बेंजोवाले दुपारपासूनच वाद्यं लावून बघत होते. हळद कुटणाऱ्या बायकांनी, भावोजी 'बारीक झाली का' म्हणून डोकावले तेव्हा, त्यांचं तोंडच पिवळं करून टाकलं. इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आणि फोन वाजला.

बेंजो थांबला. धवलारीण गाता गाता थांबली. भावोजी सरळ उभे राहिले, बनियन आणि हाफपँटवर. 'हो सर. निघालो सर.' अंबरनाथला एक मिरवणूक होती, माणसं कमी पडत होती, सगळ्यांच्या रजा रद्द.

बहिणीने तोंडाला पदर लावला. पण पोर रडली नाही. ती म्हणाली, 'पप्पा, मग हळद उद्या करू आणि लग्न परवा. आपलं काय, नेहमीचंच आहे.' अगं, ती रडली असती तर बरं झालं असतं. वऱ्हाड अंबरनाथचं, हॉल उद्याचा, हे सगळं तिलाही ठाऊक होतं.

मी कमरेची किल्ली मुठीत धरली. 'वर्दी मिळायची नाही, भावोजी. कपाट माझं आहे.'

ते एक पाय उंबऱ्याबाहेर टाकून उभे. 'ताई, नियमाने मी ड्युटीवर लागलो. आता तुम्ही सरकारी कामात अडथळा आणताय.'

'मग मला पण धरून न्या,' म्हटलं, आणि जरीच्या साडीवर त्यांच्या स्कूटरवर मागे बसले. अख्ख्या रस्त्यात ते मान वळवून मला हक्क सांगत होते. 'आज मागतोच ताई. सगळं मागतो.' मी म्हटलं, 'समोर बघा.'

माझ्या घरी येऊन तोंडाला साबण लावला, तर हळद लालच झाली. निम्मे पिवळे, निम्मे लाल भावोजी वर्दी चढवून पोलीस स्टेशनात गेले. मी मागोमाग. साहेब नवे होते, वयाने पोरगेले. मी दाराशी उभी राहिले.

'जय हिंद सर.'

'तोंडाला काय झालंय?'

'हळद, सर.'

'कसली हळद?'

'मुलीची, सर. आज आहे.'

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. 'अहो, मग मघाशी फोनवर का नाही सांगितलं?'

भावोजी म्हणाले, 'सर, विचारलं नाहीत.'

बघ, म्हणजे परत बोलावल्यावरचे झाडून सगळे हक्क या माणसाला पाठ. पण फोन आल्यावर 'साहेब, आज माझ्या घरी हे असं आहे' एवढं बोलता येतं, हे त्याला उभ्या नोकरीत सुचलंच नव्हतं! साहेब उठले. 'मी अंबरनाथलाच निघालोय. गाडी मला तिथे सोडून तुम्हाला कात्रपला पोचवेल. आणि परवापर्यंत इकडे दिसलात तर बघा.' मग मला बघून म्हणाले, 'ह्या कोण?' भावोजी म्हणाले, 'सर, वर्दी ह्यांच्या ताब्यात असते.' साहेबांनी टोपी डोक्यावर चढवली. म्हणाले, 'अजून काही बोलायचंय?' मला वाटलं, आता मागणार. आता सगळं बाहेर पडणार.

'नाही सर. जय हिंद सर.'

बाहेर आल्यावर हळूच मला म्हणाले, 'बघितलंत ताई? राहिलेली रजा परत मिळाली.'

दिवेलागणीला आमची गाडी कात्रपला वळली. पोलिसांची गाडी बघून मांडवात जी पळापळ झाली म्हणतेस! बेंजोवाल्यांना वाटलं, आवाजाची तक्रार गेली. त्यांनी वाद्यांवर चादर टाकली आणि स्वतः जेवणाच्या पंगतीत जाऊन बसले. मंडपामागे जी मंडळी ग्लास घेऊन बसली होती ती भिंतीवरून कुठे गेली ते लग्न लागेपर्यंत कळलं नाही. आणि गाडीच्या खिडकीच्या जाळीमागे जरीच्या साडीत मी! 'मोठ्या मावशीला पोलिसांनी उचलली' ही बातमी मी उतरायच्या आत चार बिल्डिंगींत पोचली होती.

भावोजी उतरले आणि बूट काढून सरळ पाटाकडे गेले. पोर बघतच राहिली. तिच्या जन्मात सण आणि वर्दी एका जागी कधी आली नव्हती. त्यांनी वाटीत बोटं बुडवली.

'पप्पा, वर्दीला लागेल.'

'लागू दे.'

गालाला लावली, हाताला लावली. तिने पण त्यांच्या कॉलरला दोन्ही हात पुसले. मग काय, बेंजो पंगतीतून उठून आला.

आता भावोजी रिटायर झाले. भाची अंबरनाथला सुखात आहे. शेवटच्या दिवशी ते नेहमीसारखं गाठोडं घेऊन माझ्याकडे आले. कॉलरवरचा तो डाग काही गेला नाही. मी म्हटलं, 'आता कशाला इथे? घरी राहू दे की आठवण म्हणून.' तर म्हणाले, 'नाही ताई, रजेत घरात ठेवायची नसते. ही जरा मोठी रजा आहे.' किल्ली अजून माझ्या कमरेला आहे, ही बघ.

आणि आता त्यांना कुणी परत बोलावत नाही. बहीण सांगते, फोन वाजला की अजून ताडकन उठतात आणि पलंगाखाली वाकून बूट शोधतात. बूट माझ्याकडे आहेत हे मग आठवतं. फोन असतो कुठल्या तरी कर्जवाल्याचा. 'नको' म्हणून ठेवतात आणि बराच वेळ तिथेच बसून राहतात. म्हणून भाची हल्ली फोन करतच नाही, सरळ येऊन दारात उभी राहते.

तू पण जा एकदा कात्रपला, नियम ऐकून ये, त्यांना बरं वाटेल. आणि इकडेही ये गं लवकर, बोंबील आणून ठेवते. भावोजी रविवारी माझ्याकडेच असतात. फक्त आधी फोन करू नकोस. सरळ ये.