खांद्यापर्यंतचा करंट

“सोडू नोको! कुठवर आला ते सांग!” साडूभाऊ ओरडत होते. काय सांगणार? पहिल्यांदाच प्लगची वायर हातात धरली तेव्हा मी जीपपाशी होतो. करंट बसला तेव्हा सागाच्या पाचोळ्यात उताणा होतो. मधला प्रवास आठवत नाही.

माझ्या थोरल्या मेहुणीचा हा नवरा माणूस नव्हताच, मीटर होता. माजरीच्या शाळेत गणित शिकवायचा, पण लिलावात घेतलेली माझी जुनी जीप त्याच्यापुढे लाजून चालू व्हायची. माझ्या बायकोला स्टार्टर दाबायला लावून हे वायर बोटाशी धरत, डोळे मिटत आणि देव अंगात आल्यासारखे बोलत. झटका मनगटापर्यंत आला, तर कंडेन्सर गेला. कोपरापर्यंत आला, तर ठिणगीचे पॉइंट काजळले, घास. खांद्यापर्यंत पोचला, तर करंट चोख, दोष दुसरीकडे. एकदा एटापल्लीच्या रस्त्यात त्यांनी पॉइंटचा दोष असा पकडला, की सासऱ्यांनी ती गोष्ट सात गावांत सांगितली आणि दर गावात माझा एकेक गाढवपणा त्यात वाढवला. जीप माझी, पेट्रोल माझं, पण आमच्या घरात कान शाबूत असलेला एकुलता कप भाऊजींचा. बायको म्हणायची, “तुमाले नुसती चालवता येते.” मी रोज देवाला विनवायचो, एकदा तरी या माणसाचं चुकू दे.

पुढे ते विसरभोळे झाले असं आम्हाला वाटलं. एक चप्पल पायातून कधी निसटली, पायाला कळलंच नाही. तसेच आलापल्लीचा अख्खा बाजार फिरून आले. आम्ही पोट धरून हसलो. परतताना जंगलात जीप बंद पडली. भाऊजींनी वायर धरली, डोळे मिटले. बायको स्टार्टर दाबत होती. निळी ठिणगी टिकटिक करत त्यांच्या बोटावर उडत होती आणि हात जागचा हलत नव्हता.

“भाऊजी, कुठवर आला?” बायकोने आतून विचारलं.

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. “मह्या हाताले काई समजून नाई राह्यलं,” ते इतकं हळू म्हणाले, की फक्त मलाच ऐकू यावं. देवाने माझं ऐकलं होतं. आता बायकोला एक हाळी दिली की काम फत्ते.

मी त्यांच्या हातातून वायर घेतली आणि बायकोला म्हटलं, “दाब.” या वेळी सोडली नाही. दात वाजले, टोपी उडाली, सागावरची माकडं दुसऱ्या तालुक्यात गेली.

“कुठवर?” त्यांनी हळूच विचारलं.

“खांद्यापर्यंत.”

“मंग पेट्रोल पाह्य.”