हँडलला बांधलेली पऱ्हाटी
कापसाची वेचणी संपल्यावर शेतात उरलेली वाळकी झाडे, म्हणजे पऱ्हाटी, पेटवली की तो धूर नाकात जातो आणि मला तेल्हाऱ्याच्या रस्त्यावरचे एक तांबडे कुत्रे आठवते. पंधरा वर्षांपूर्वी मोटरसायकलमागे धावून त्याने मला मुरमात पाडले होते. गुडघ्याला सहा टाके पडले. टाके निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक जाड पऱ्हाटी सोलून हँडलला बांधली आणि त्याच रस्त्याने निघालो. फाट्यावर भाजी विकणाऱ्या बाईजवळ ते झोपले होते. गाडीचा आवाज ऐकून उठले आणि भुंकत माझ्या पोटरीपर्यंत आले. मी ब्रेक दाबला, उतरलो, पऱ्हाटी उगारली. गाडी थांबली तसे कुत्रेही थांबले आणि शेपटी हलवत माझा बूट हुंगू लागले. वांग्यांवर पाणी शिंपडत बाई म्हणाली, "मारा न भाऊ, आता काहून थांबले?" मी म्हणालो, "यानं मले पाडलं होतं." ती म्हणाली, "त्याले तुमचं काई नाई. ते पयत्या गाडीवर भुंकते. तुमी उभे राहाल तर ते तुमच्या संगं घरी येईन." शेपटी हलवणाऱ्या कुत्र्यावर, तेही तिच्यासमोर, हात उचलला नाही. मी पऱ्हाटी पुन्हा बांधली, गाडी सुरू केली आणि पन्नास पावलांवर त्याने माझी पँट फाडली. मागे बाई हसत होती. ते कुत्रे आता जिवंत नसेल. ते आपल्या मरणाने मेले असेल, एवढेच मला अजून सलते.